हिमावरचे पहिले पाऊल

हिमाच्छादित उतारावर लहान मुलास प्रथम कशावर उभे करावे? पायांत दोन स्वतंत्र स्की बांधून, की दोन्ही पाय एकाच स्नोबोर्डवर जखडून? युरोप-अमेरिकेतील आईबापांना हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो. प्रश्न क्रीडेचा खरा. परंतु त्याचे उत्तर पुष्कळ अंशी इतिहासात सापडते.

स्की हे मुळात खेळणे नव्हे, ते चालण्याचे साधन होय. प्राचीन नॉर्स भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ चिरलेले लाकूड असा आहे. उत्तरेकडील लोक हजारो वर्षे त्याच्या आधारे हिम तुडवीत आणि शिकार करीत. नॉर्वेतील मोर्गेदाल येथे १८२५ साली जन्मलेल्या सोंद्रे नॉरहाइम याने टाचेभोवती पिळलेल्या डहाळ्यांचा बंध घातला आणि स्की पायाच्या ताब्यात आणली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात हानेस श्नायडर याने पायरीपायरीने शिकविण्याची पद्धत बसविली. स्कींची पुढील टोके जवळ आणून मागील टोके फाकविली, की वेग आवरतो. ही पहिली पायरी तीन-चार वर्षांच्या मुलालाही साधते.

स्नोबोर्डची कथा निराळी. १९६५ च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडल्या, त्या आपल्या मुलींना खेळावयास! ‘स्नर्फर’ या नावाने ती फळी बाजारात आली. १९७७ पासून व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी तीत सुधारणा केल्या. फळीवर पायबंद आले, वेग वाढला, आणि मुलींचे खेळणे तरुणांचे झाले. अनेक क्रीडास्थळांनी तिला प्रारंभी मज्जावच केला होता. १९९८ साली नागानो येथे ती ऑलिंपिकमध्ये पोहोचली. या प्रवासात लहानग्यांचा मात्र विसर पडला. त्यांच्या मापाची फळी दुर्मीळ झाली, आणि ‘सात-आठ वर्षे थांबा’ हा सल्ला रूढ झाला.

तो सल्ला सर्वस्वी निराधार नव्हता. स्कीवर मुलाचे तोंड पुढे असते, पाय मोकळे असतात, सपाटीवर चालता येते. फळीवर शरीर आडवे, पाय बांधलेले आणि तोल एका कडेवर. पहिले दिवस पडण्यातच जातात. म्हणून अगदी लहान वयात स्की प्रथम, हा क्रम सामान्यतः योग्य ठरतो. तथापि आज छोट्या, लवचीक फळ्या मिळतात, आणि शिक्षक दोरीने ओढून सपाटीवर तोल शिकवितात. तेव्हा ज्या मुलाचे मन फळीवरच जडले आहे, त्याला केवळ परंपरेच्या नावाखाली अडविण्याचे कारण उरलेले नाही.

भारतात गुलमर्गला १९२७ साली स्कीचा क्लब निघाला. आज त्याच उतारांवर दोन्ही साधने दिसतात. तेथेही आईबापांनी पाहावयाचे ते एवढेच, की पहिल्या दिवसाअखेर मूल भिऊन परतते, की उद्या पुन्हा चला म्हणते. साधन मागाहून बदलता येते. मनात बसलेली भीती सहजी निघत नाही.