मोटारगाडीच्या निलंबनातील करकर

मोटारगाडीचा सांगाडा चाकांवर तोलून धरणाऱ्या आणि रस्त्याचे हादरे सौम्य करणाऱ्या यंत्रणेस निलंबन म्हणतात. स्प्रिंगा, त्यांची आंदोलने आवरणारे हादरेरोधक आणि या भागांना जोडणारे सांधे हे तिचे मुख्य घटक होत. जुन्या गाडीच्या सांध्यांतून येणारी करकर हा तिच्या वयाचा अटळ परिणाम मानला जातो. वस्तुतः ते सांधे वेळोवेळी हाताने वंगण देण्यासाठीच बनविलेले असत. ती सवय सुटली, की ते वाजू लागतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाहतुकीच्या इतिहासात ही गोष्ट स्पष्टपणे दिसते.

सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाच्या पश्चिमेस महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पावसाच्या पाण्याने सांध्यांतील वंगण धुऊन जाते. धूळ वंगणात मिसळली, तर तेच वंगण धातूला घासू लागते. त्यामुळे येथील वाहनांना दोन्हीकडून उपद्रव होतो.

पारंपरिक बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. वाजे तो तिचा आस. त्यास एरंडेलासारखे तेल देण्याचा प्रघात होता व लांबच्या प्रवासात गाडीवान वंगण बरोबर बाळगी. इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार स्प्रिंग प्रचारात आणली. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या अशा स्प्रिंगेस येथील कारागीर ‘पाटे’ म्हणतात. पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर वाठार स्थानकावरून वाई व पाचगणीमार्गे महाबळेश्वरला टांगे जात. पुढे मोटारगाडीनेही पाट्यांची स्प्रिंगच स्वीकारली. गाडी हेलकावताना पाटे परस्परांवर सरकतात. हादरेरोधक प्रचारात येण्यापूर्वी या घर्षणानेच आंदोलने शमत. म्हणजे घर्षण हा निव्वळ दोष नव्हता, कोरडे घर्षण हा दोष होता. म्हणून काही गाड्यांच्या पाट्यांवर ग्रीस भरलेली चामडी वेष्टने चढवीत. सांध्यांत दाबाने ग्रीस भरण्यासाठी निपल व ग्रीसगन यांचा वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला.

या भागात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या गाड्यांत हीच परंपरा दिसते. जीपच्या चारही चाकांना पाटे होते. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या अँबॅसडरला पुढे टॉर्शन दांड्या व मागे पाटे, तर फियाट ११०० व तिच्यापासून आलेली प्रीमियर पद्मिनी यांना पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा व मागे पाटे होते. या गाड्यांत ग्रीस मागणारे धातूचे सांधे आणि ग्रीस वर्ज्य असलेले रबरी बुश शेजारी शेजारी असत. दुरुस्तीतील बरेच घोटाळे यातूनच उद्‌भवतात.

करकर निर्माण होण्याचे कारण ‘चिकट-सरक’ गती हे होय. दोन पृष्ठे क्षणभर चिकटतात, ताण वाढताच एकदम सरकतात व पुन्हा चिकटतात. सारंगीची तार गजाने याच क्रियेमुळे वाजते. बाउडन व लेबेन यांनी १९३९ मध्ये या गतीचा प्रयोगाने अभ्यास केला.

आवाजाचे मूळ शोधताना गाडी उभी करून तिचा एकेक कोपरा दाबून हलवावा. दुसऱ्या माणसाने रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे एकेका सांध्याजवळ धरून ऐकावे. मग संशयित रबरी बुशावर थोडे पाणी सोडावे. आवाज तात्पुरता थांबला, तर दोष तेथेच आहे. एका वेळी एकच सांधा भिजवावा, अन्यथा निष्कर्ष काढता येत नाही. याच कारणाने ऐन पावसाळ्यात गप्प असलेली गाडी दसऱ्यानंतर पुन्हा वाजू लागते. तो दोष आपोआप बरा झालेला नसतो.

पाट्यांसाठी गाडीचा सांगाडा उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. भार उतरल्याने पाट्यांत फट पडते. तेथील गंज व माती काढून ग्रॅफाइटयुक्त ग्रीस भरावे. निपल असलेल्या सांध्यात जुने, मळके ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरावे. नैसर्गिक रबराच्या बुशास खनिज तेल लावू नये, त्याने रबर फुगून मऊ पडते. एरंडेल त्यास फारसे बाधत नाही. जुन्या काळी ब्रेकच्या द्रवात त्याचा उपयोग होई, त्याचे हे एक कारण होय. नवा रबरी बुश बसविल्यावर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावा. चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबरास कायमचा पीळ बसतो व ते लवकर फाटते.

करकर व खडखड यांतील भेद महत्त्वाचा आहे. करकर सहसा कोरडेपणा दर्शविते, तर खडखड बहुधा झिजलेला बुश, सैल झालेला बोल्ट किंवा तुटलेला पाटा सुचविते. झिजलेल्या सांध्यात ग्रीस भरल्यास आवाज काही दिवस दबतो, परंतु धोका कायम राहतो. खंबाटकी वा पसरणी घाटाच्या वळणांवर मुख्य पाटा तुटला, तर आस जागेवरून सरकून गाडीवरील ताबा सुटू शकतो. म्हणून आवाज बंद करण्यापूर्वी सांधा तपासणे आवश्यक असते.

१९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. त्यानंतर ग्रीस न मागणारे सीलबंद सांधे सर्वसाधारण झाले आणि वंगण देण्याची सवय मागे पडली. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. टिकून राहिलेल्या जुन्या गाड्यांची गरज मात्र बदललेली नाही : पावसाळ्याच्या आधी व नंतर पाटे आणि निपले यांना ग्रीस देणे हाच त्यांच्या करकरीवरील खात्रीचा उपाय होय.