लाखेची मोहोर आणि चाळीचे कुलूप

१८४४ साली लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या जुझेप्पे मॅझिनीला आपली पत्रे वाटेत कोणीतरी वाचते आहे असा संशय आला. (मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला परके नाही; त्याच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी केलेला अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला होता.) खात्री करून घेण्यासाठी त्याने एक साधी युक्ती योजली. पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस घालून पत्रे टपालात टाकली जाऊ लागली. पत्र पोहोचे तेव्हा मोहोर शाबूत दिसे, पण आतले दाणे गायब असत. टॉमस डनकोम या सदस्याने हे प्रकरण पार्लमेंटात नेले आणि गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांना पत्रे उघडण्याचे वॉरंट काढल्याचे मान्य करावे लागले. टॉमस कार्लाइलने 'टाइम्स'ला पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. बंद पाकिटाचे पावित्र्य हा त्या पत्राचा मुख्य मुद्दा होता.

या प्रकरणातला क्षोभ नेमका कशाविषयी होता, हे पाहणे उद्बोधक आहे. राज्यसंस्था पत्रे वाचते, हे युरोपात कोणालाच नवे नव्हते. चीड आली ती पत्र वाचून पुन्हा पूर्ववत बंद करण्याच्या कौशल्याची. लाखेची मोहोर काही पोलादी पेटी नसते. ती कोणीही फोडू शकतो. पण फोडली तर तसे कळते, एवढेच तिचे काम. गोपनीयतेचे असे दोन निराळे अर्थ होतात: वाचता येऊ नये हा एक, आणि वाचले तर कळावे हा दुसरा. ई-पत्राच्या, विशेषतः वेबमेलच्या इतिहासात या दोहोंचे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

ई-पत्र जन्मले तेच मुळी लिफाफ्याविना. जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपी हा पत्रवहनाचा शिष्टाचार लेखबद्ध केला, तेव्हा पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे उघड्या अक्षरांत जाणार हे गृहीतच होते. जाळे लहान होते आणि त्यावरची माणसे बहुधा विद्यापीठांतली, परस्परांना ओळखणारी. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी हे कूटलेखनाचे साधन लोकांसमोर ठेवले, तेव्हा ई-पत्राला त्यांनी दिलेली पोस्टकार्डाची उपमा म्हणूनच चपखल ठरली. अमेरिकी कायद्याच्या लेखी सबळ कूटलेखन ही युद्धसामग्री होती आणि तिच्या निर्यातीवर बंधने होती. झिमरमन यांच्यावर चौकशीही झाली. मात्र छापील पुस्तकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण होते. तेव्हा १९९५ साली एमआयटी प्रेसने पीजीपीची संपूर्ण आज्ञावली चक्क ग्रंथरूपाने छापली. संगणकाच्या तबकडीवर जे निर्यात करता येत नव्हते, ते कागदावर छापून करता आले. ग्रंथाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या पुस्तकाची दखल घ्यायला हवी.

१९९६ च्या ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि वेबमेल ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. तोवर सामान्य रीत अशी होती, की पत्र एकदा आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे आणि मग घरच्या घरी वाचायचे. वेबमेलने वाचनाची जागाच बदलली. पत्र दूरच्या संगणकावर राहू लागले आणि वाचक ते खिडकीतून पाहू लागला. परिणामी लिहिणे, वाचणे, जुने पत्र पुन्हा उघडणे, इतकेच नव्हे तर परवलीचा शब्द सांगणे, या साऱ्या क्रिया भर रस्त्यावर होऊ लागल्या. सायबर कॅफेत बसून पत्र वाचणाऱ्याच्या आणि त्या दूरच्या संगणकाच्या मध्ये जो कोणी असेल, त्याला हे सारे दिसू शकत होते.

या रस्त्यावर आडोसा उभारण्याचे साधन तोवर तयार झालेले होते. नेटस्केप कंपनीने १९९५ साली एसएसएल प्रसिद्ध केले. त्यामागची प्रेरणा पत्रव्यवहाराची नसून व्यापाराची होती. क्रेडिट कार्डाचा क्रमांक निर्धोक पोहोचावा, ही. निर्यातबंदीमुळे अमेरिकेबाहेर मिळणाऱ्या आवृत्तीत किल्ली अवघी ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या डेमियन डोलिजे यांनी अशी एक किल्ली शोधून काढून दाखवली. ही बंधने पुरेशी सैल व्हायला २००० साल उजाडले.

पण कुलूप उपलब्ध असणे आणि ते प्रत्येकाला आपल्या दाराला लावता येणे यांत अंतर असते. या इतिहासातला मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा भाग या अंतराचा आहे. लहान संस्था, नियतकालिके, महाविद्यालये, प्रकाशक यांना स्वतःचा सर्व्हर परवडत नाही. ते सामाईक होस्टिंग घेतात. एकाच संगणकावर शेकडो संकेतस्थळे आणि त्यांच्या पत्रपेट्या नांदतात. ही सरळसरळ चाळ आहे. पत्ता एक, बिऱ्हाडे अनेक. ती शक्य झाली कारण १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने असे बंधन घातले, की येणाऱ्याने आपल्याला कोणाकडे जायचे आहे ते नाव प्रत्येक विनंतीत सांगावे. नाव कळले, की चाळ त्याला योग्य खोली दाखवते.

एसएसएलचा क्रम मात्र उलटा होता. आधी कुलूप दाखवायचे, ओळख पटवायची, आणि मग त्या आडोशात नाव ऐकायचे. पाहुणा कोणाकडे आला आहे हे कळण्यापूर्वीच कोणते कुलूप दाखवायचे ते चाळीला ठरवावे लागे. आणि प्रमाणपत्रावर तर एका विशिष्ट नावाची नोंद असते. स्वतःचे कुलूप हवे असेल तर स्वतंत्र आयपी पत्ता घ्या आणि प्रमाणपत्राचे वार्षिक पैसे भरा, हा त्यावरचा राजमार्ग होता. बहुसंख्य भाडेकरूंनी तो धरला नाही.

त्यांच्यापुढे मग दोन आडवाटा उरल्या. पहिली, घरमालकाचेच कुलूप वापरायची. सीपॅनेलसारख्या व्यवस्थेत वेबमेलला दोन दारे होती: २०९५ क्रमांकाचे उघडे आणि २०९६ क्रमांकाचे कुलूपबंद. सर्व्हरच्या मूळ नावाने २०९६ वर गेले तर सारे सुरळीत चाले. पण ते लांबलचक, परके नाव कोण लक्षात ठेवणार? आपल्या संस्थेच्या नावाने त्याच दारी गेले, तर प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नसल्याचा इशारा ब्राउझर देई. दुसरी आडवाट स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्राची. तिथेही इशारा ठरलेलाच. दोन्हीकडे सल्ला एकच मिळे: इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका, पुढे जा. वाटेत कोणी बनावट दार उभे केले असते तरी ब्राउझरने याच जातीचा इशारा दिला असता. फुटलेली मोहोर पाहूनही पत्र बिनदिक्कत वाचायला घ्यावे, अशी सवय आपण वर्षानुवर्षे लावून घेतली.

वास्तविक या अडचणीवरचा उपाय २००३ सालीच कागदावर उतरला होता. एसएनआय या विस्ताराने पाहुण्याला कुलूप पाहण्याआधी दाराबाहेरूनच नाव सांगण्याची सोय केली. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ही भाषा येत नव्हती, आणि एक्सपीचा अधिकृत आधार संपायला एप्रिल २०१४ यावा लागला. जुन्या यंत्रावरच्या वाचकाला दाराबाहेर ठेवायचे की सर्वांनाच उघड्यावर, अशा पेचात दशक निघून गेले.

मोठी घरेही या काळात पूर्ण सुरक्षित होती असे नाही. जीमेलने संपूर्ण वेबमेल आपोआप कूटबद्ध केले ते जानेवारी २०१० मध्ये, आणि याहूने जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१० मध्ये, एरिक बटलर यांच्या फायरशीप या साधनाने दाखवून दिले, की उघड्या वाय-फायवर शेजारच्या माणसाचे खाते हाती घ्यायला तंत्रज्ञ असण्याचीही गरज नाही. परवलीचा शब्द झाकून पाठवला आणि पुढची ओळख पटवणारी कुकी उघडी ठेवली, तर झाकण्याला फारसा अर्थ उरत नाही. चाळीतल्या भाडेकरूंची सुटका डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था सर्वांना खुली झाली आणि प्रमाणपत्र विनामूल्य, शिवाय यंत्राकडूनच नूतनीकरण होणारे झाले. २०१६ पासून सीपॅनेलनेही ते काम स्वतःकडे घेतले. आज सामाईक खात्यावर आपल्या नावाने वेबमेलचे दार निर्धोक करणे हे थोडक्या मिनिटांचे काम आहे: प्रमाणपत्रात वेबमेलचे उपनाव समाविष्ट आहे ना ते पाहायचे, आणि उघड्या दाराशी येणाऱ्याला कुलूपबंद दाराकडे वळवायचे. नंतरही इशारा आलाच, तर मात्र थांबायचे.

तरीही या कुलपाची मर्यादा ओळखली पाहिजे. ते वाचक आणि सर्व्हर यांमधल्या रस्त्याचे रक्षण करते. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारा रस्ता निराळा. त्याचे रक्षण दोन्ही टोकांच्या तयारीवर अवलंबून. आणि पत्र एकदा चाळीत पोहोचले, की ते सहसा साध्या फायलीच्या रूपात पडून असते. शेजाऱ्यांपासून ते भिंतीआड असले, तरी घरमालकाजवळ सर्व खोल्यांच्या किल्ल्या असतात. टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन हा त्यावरचा उपाय झिमरमन यांनी १९९१ मध्येच दिला होता. पण कटकटीचा म्हणून वेबमेलच्या सामान्य वाचकाने तो कधी आपलासा केला नाही.

तेव्हा हिशेब असा लागतो. वाटेत वाचता येऊ नये, हे मॅझिनीला न मिळालेले संरक्षण आज चाळीतल्या भाडेकरूलाही फुकट मिळते. वाचले तर कळावे, हे मात्र मोहोरेबरोबरच लोपले. घरमालकाने फाइल उघडली तर कोणतीही लाख फुटत नाही, आणि आपण पाकिटात घालावेत असे खसखशीचे दाणेही नाहीत. संपादकांचा, लेखकांचा गेल्या पंचवीस वर्षांतला पत्रव्यवहार बहुतांशी असा परक्या खोल्यांत पडून आहे. उद्या त्याचा अभ्यास करणाऱ्याने त्या पत्रांतल्या संकोचाचा, अर्धवट सोडलेल्या वाक्यांचा अर्थ लावताना, लिहिणाऱ्याला आपले दार किती बंद वाटत होते, हाही प्रश्न विचारायला हवा.