किंमत आणि मूल्य : एका कॅमेऱ्याचा इतिहास

किंमत आणि मूल्य हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. किंमत बाजार ठरवतो. मूल्य मात्र ज्याचे त्याने पारखायचे असते. हा भेद समजून घेण्यासाठी जर्मनीतील वेट्झलार गावच्या लायका कॅमेऱ्याचा इतिहास उद्बोधक आहे. २०२२ साली आलेल्या त्याच्या एम-११ या नमुन्याची अमेरिकेतील किंमत सुमारे ९,००० डॉलर होती, आणि तीही भिंगाशिवाय! एवढे पैसे कशासाठी, असा प्रश्न कोणाही संसारी माणसाला पडावा.

वेट्झलारच्या या कारखान्याचा मूळ व्यवसाय सूक्ष्मदर्शकांचा. १८४९ साली सुरू झालेला हा व्यवसाय १८६९ मध्ये अर्न्स्ट लाइट्झ यांच्याकडे आला. सूक्ष्मदर्शकात केसभर चूकही खपत नाही. ती शिस्त तेथील कारागिरांच्या बोटांत मुरली होती. त्यांच्यातीलच ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा विकार होता. काचपट्ट्यांचे अवजड कॅमेरे त्यांना पेलवत नसत. म्हणून १९१४ च्या सुमारास त्यांनी चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा एक छोटा कॅमेरा घडवला. पुढे महायुद्ध आले, पाठोपाठ भयंकर चलनवाढ आली. कामगारांच्या हातांना काम हवे होते. १९२४ साली लाइट्झ यांचे पुत्र, दुसरे अर्न्स्ट लाइट्झ यांनी सहकाऱ्यांच्या शंका बाजूला सारून या कॅमेऱ्याचे उत्पादन करण्याचे ठरवले, आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका जगापुढे आला.

त्याच्या किमतीत पितळेचे घडीव भाग, घासूनपुसून तपासलेली भिंगे आणि जुळणी करणाऱ्या कुशल हातांची मजुरी आहे. उत्पादन थोडे, म्हणून प्रत्येक नगावरील भार मोठा. जपानी कारखान्यांनी उत्तम कॅमेरे मोठ्या संख्येने आणि स्वस्तात बनवल्यावर ही तफावत अधिकच डोळ्यांत भरली. शिवाय नावाचेही पैसे आहेतच. २०२२ साली खुद्द बार्नाक यांनी वापरलेला एक जुना नमुना लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ती काही काच आणि पितळेची किंमत नव्हे.

परंतु या कारखान्याचे खरे मूल्य दुसरीकडेच शोधावे लागते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कुटुंबांवर संकट कोसळले. दुसऱ्या लाइट्झ यांनी अनेक ज्यूंना नोकरीच्या निमित्ताने परदेशी, विशेषतः न्यूयॉर्कच्या शाखेत पाठवले. १९३९ साली युद्ध सुरू होईपर्यंत हे काम चालले. त्यांची कन्या एल्सी हिने एका ज्यू स्त्रीला स्वित्झर्लंडकडे निसटण्यास मदत केली. त्यासाठी १९४३ मध्ये तिला गेस्टापोच्या कोठडीत जावे लागले.

सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाइट्झ यांनी १९४२ साली नाझी पक्षाचे सभासदत्व पत्करले, आणि युद्धकाळात त्यांच्या कारखान्यात पूर्वेकडून सक्तीने आणलेले मजूर राबत होते. त्या मजुरांना चांगले वागवावे म्हणून एल्सी झटली, हेही खरे. पण त्यामुळे सक्ती ही सक्तीच राहते. पाप आणि कृपा एकाच छपराखाली नांदतात, हे कबुलीघरात बसणाऱ्या धर्मगुरूला नव्याने सांगावे लागत नाही.

मग हा कॅमेरा घ्यावा का? जानेवारी १९४८ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी गांधीजींची हत्येच्या काही वेळ आधी भेट घेतली आणि पुढे त्यांच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे टिपली, ती या छोट्या लायकावरच. पण ती चित्रे श्रेष्ठ ठरली ती पाहणाऱ्या नजरेमुळे. बाप्तिस्मा नि लग्नकार्ये टिपायला साधा कॅमेराही पुरेसा आहे. कुशल कारागिराला त्याच्या श्रमाचा पूर्ण मोबदला मिळावा, याबद्दल मात्र आपण कुरकुर करू नये. आणि विधवेच्या दोन दमड्या प्रभूने कशा तोलल्या, हे आठवावे. लाइट्झ कुटुंबाच्या हिशेबात सर्वांत मोलाची नोंद कॅमेऱ्यांची नाही. बोटीत बसवून वाचवलेल्या माणसांची आहे.