पेंटनव्हिल : एकटं पाडायचा कारखाना

लंडनच्या उत्तर भागात पेंटनव्हिल नावाचा तुरुंग आहे. बांधून झाला १८४२ साली, व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन पाच वर्षं झाली तेव्हा. आजही तिथं माणसं कोंडलेली आहेत.

नकाशा केला जोशुआ जेब या लष्करी इंजिनियरनं. मधोमध एक दालन, तिथून पंख्यासारख्या फाकलेल्या चार इमारती. दालनात उभं राहिलं की चारी रांगा नजरेच्या टप्प्यात. कोठड्या ५२०. प्रत्येक १३ फूट लांब, ७ फूट रुंद, ९ फूट उंच. आतच गॅसबत्ती, नळ, संडास. त्या काळच्या लंडनमधल्या गरिबाच्या खोलीत यातलं काय होतं? पण ही चैन नव्हती. कैद्याला बाहेर पडायचं कारणच उरू नये, म्हणून ही सोय.

योजना अशी, की एका कैद्यानं दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही. नाव गेलं, नंबर आला. कोठडीबाहेर पडताना टोपीचा पुढचा भाग तोंडावर ओढायचा, डोळ्यांपुरती भोकं. प्रार्थनेला बसायचं तेही फळ्यांच्या खोक्यात. पाद्री दिसेल, शेजारचा दिसणार नाही. पापी माणसाच्या संगतीनं पाप लागतं, एकटा ठेवला की तो सुधारतो, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं बघून आलेला विल्यम क्रॉफर्ड आणि पाद्री व्हिटवर्थ रसेल, दोघे त्याचे मोठे पुरस्कर्ते. सुरुवातीला मुदत अठरा महिन्यांची. नंतर समुद्रापार काळ्या पाण्याला, ऑस्ट्रेलियाकडं रवानगी.

माणसं सुधारली का? वेडी झाली. भास व्हायला लागले. मुदत आधी बारा महिन्यांवर, मग नऊवर आणावी लागली. १८४७ साली क्रॉफर्ड तुरुंगाच्या मंडळाच्या बैठकीतच मेला. रसेलनं त्याच वर्षी दुसऱ्या एका तुरुंगात स्वतःवर गोळी झाडून घेतली. तरी हा नमुना थांबला नाही. इंग्लंडभर त्याच धर्तीचे तुरुंग उठले.

दोस्तांनो, कुणाला लगेच गावकुसाची आठवण होईल. मलाही झाली. पण फरक बघा. तिथला माणूस गुन्ह्यासाठी वेगळा ठेवला, मुदत ठरवून. त्याचं पोर त्या टोपीसकट जन्मत नव्हतं.

१९०२ पासून तिथं फाशी सुरू झाली. १७ ऑगस्ट १९०९ ला मदनलाल धिंग्रा. अकोल्याच्या मित्रांना त्याच्या नावाचा चौक ठाऊक आहे. ३१ जुलै १९४० ला उधमसिंग, ओडवायरला गोळ्या घालणारा; त्यानं नाव सांगितलं होतं राम महंमद सिंग आझाद. एका नावात तीन धर्म. १९५० साली टिमोथी इव्हान्स नावाचा एक गरीब, धड लिहिता-वाचता न येणारा माणूस लटकवला. पुढं तिथंच १९५३ साली खरा खुनी ख्रिस्टी फासावर गेला. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली. कुणाला मिळाली म्हणायची?

आता संडासाची गोष्ट. कोठडीतले ते संडास पुढं काढून टाकले. मग आली बादली. रात्रभर बादली, सकाळी ती घेऊन रांगेत. इंग्लंडच्या तुरुंगांतून ही पद्धत जायला १९९६ साल उजाडलं. घाण खरी, अपमान खरा. पण ज्याची बादली त्यानंच उचलायची.

त्याच राज्यकर्त्यांनी इथल्या तुरुंगांत काय केलं? १८५५ साली बिहारमध्ये आरा आणि मुझफ्फरपूरला कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली. बाटण्याच्या भीतीनं दंगा उसळला, शहरातले लोकही कैद्यांच्या बाजूनं उठले. सरकारनं लोटे परत दिले. तिकडं माणसाचा चेहरा झाकणारं सरकार इकडं जातीपुढं नमलं. पुढं नियमांच्या पुस्तकांतच आलं : स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्यानं करायचा, झाडू आणि मैला मेहतर वगैरे जातींनी. इंग्रज गेले, पुस्तकं राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता कोर्टात गेल्या, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे नियम रद्द केले. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, असाही हुकूम त्यात आहे. आपापल्या तालुक्याच्या सबजेलात तो निघाला का, हे आपल्यापैकी कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे.