डेकवर शिकलेला समुद्र

भारतीय समुद्रविज्ञानाचा आरंभ सांगताना सहसा १ जानेवारी १९६६ ही तारीख दिली जाते. त्या दिवशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आज ती गोव्यात दोना पावला येथे आहे. तारीख खरी आहे, पण तिच्यामुळे क्रम उलटा दिसतो : आधी संस्था, मग तिने घडवलेले शास्त्रज्ञ, मग त्यांच्या सफरी. प्रत्यक्षात सफरी आधी झाल्या. नौदलाच्या, मत्स्यप्रकल्पांच्या आणि परदेशी जहाजांवर ज्यांचा हात बसला होता, अशी माणसे संस्थेला आयती मिळाली. स्वतःचे मोठे संशोधन जहाज, ‘गवेषणी’, तिला १९७६ मध्ये मिळाले. हे शास्त्र उसन्या डेकवर शिकले गेले, आणि डेकवाचून ते शिकता आलेच नसते.

नुसते जहाज असून भागत नाही, हेही आपल्या इतिहासातच दिसते. मुंबई गोदीत बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी महासागराचा तळ खरवडत होते. त्यावरचे अल्कॉकसारखे शल्यचिकित्सक-निसर्गतज्ज्ञ ब्रिटिश. भारतीय होते ते खलाशी म्हणून. दोर ओढणारे हात इथले, नोंदवही मात्र त्यांच्या हाती नव्हती. त्यामुळे इतक्या वर्षांच्या सर्वेक्षणातून शिकवणाऱ्या भारतीयांची परंपरा उभी राहिली नाही. ती सुरू झाली १९५२ मध्ये, अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ यूजीन लाफाँड वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात आले आणि विद्यार्थ्यांना नौदलाच्या जहाजांवरून बंगालच्या उपसागरात नेऊ लागले तेव्हा. फरक होता तो मोजणाऱ्याच्या जागी कोण उभे आहे याचा.

ती जागा अनेकांना मिळाली १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. चाळीसहून अधिक जहाजे तीत उतरली. भारताकडून नौदलाचे ‘किस्तना’, इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचे ‘वरुणा’ आणि केरळ विद्यापीठाचे ‘काँच’ होते. अमेरिकेचे ‘अँटन ब्रून’ म्हणजे मुळात राष्ट्राध्यक्षांची नौका. तिचे रूपांतर करून तिच्यावर प्रयोगशाळा बसवली होती. या जहाजांवर शिकायचे काय, तर पाण्याचे नमुने घेणाऱ्या नान्सेन बाटल्यांची माळ तारेवरून खोल सोडायची, तापमापक स्थिरावेपर्यंत थांबायचे, मग पितळी वजन तारेवरून खाली सोडायचे. ते पहिल्या बाटलीवर आदळले की ती उलटून बंद होते आणि खालच्या बाटलीसाठीचे वजन सुटते. हा आघात झाला की नाही, हे तारेवर हात ठेवून थरथरीवरून ओळखायचे. जहाज वाहत असते, तार तिरपी होते, म्हणून सोडलेल्या तारेची लांबी म्हणजे खोली नव्हे. त्यासाठी दोन तापमापक लागतात, एक दाबापासून जपलेला आणि एक उघडा. उघड्याचा पारा दाबामुळे दर शंभर मीटरला सुमारे एक अंश जास्त चढतो. दोघांतल्या फरकातून खरी खोली निघते. वर आलेल्या पाण्यातून सर्वांत आधी ऑक्सिजनसाठीचा नमुना काढायचा, हवेचा एकही बुडबुडा न शिरू देता, आणि डोलत्या डेकवरच त्यात ऑक्सिजन बांधून ठेवणारी विंकलरची रसायने घालायची. हे सारे पुस्तकात लिहिलेले असते. पण ढवळत्या पोटाने, रात्रीच्या पाळीत, चुकलेला आकडा आकडा म्हणून न स्वीकारता तार पुन्हा खाली सोडण्याचा निर्णय पुस्तक शिकवत नाही.

यावर आक्षेप घेतला जातो की मोहीम परक्यांनी आखली आणि भारतीय तिथे केवळ नमुने गोळा करणारे हमाल होते. त्यात तथ्य आहे. उपकरणे आणि मोठी जहाजे त्यांचीच होती. पण भारतीय कार्यक्रमाचे सूत्रधार एन. के. पणिक्कर होते, आणि प्लवकांचे नमुने परदेशी न जाता कोचीनला यावेत, यासाठी १९६३ मध्ये तिथे हिंदी महासागर जैविक केंद्र उभे राहिले. सर्व जहाजांवर एकाच मापाची जाळी, तोंडाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर, दोनशे मीटरपासून उभी वर खेचायची. सुमारे २,००० नमुने निरनिराळ्या देशांचे असूनही एकमेकांशी ताडून पाहता आले ते या शिस्तीमुळे. पणिक्करच पुढे राष्ट्रीय संस्थेचे पहिले संचालक झाले आणि कोचीनचे केंद्र तिचाच भाग बनले. हमालीतून इतके उभे राहत नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधात्विक गोटे वर काढले आणि १९८७ मध्ये दीड लाख चौरस किलोमीटर तळाच्या शोधाचा हक्क भारताला मिळाला. मात्र डेकवरची जागा सगळ्यांना सारख्याच वेळी मिळाली नाही, हे नोंदवलेच पाहिजे. नागपूरच्या अदिती पंत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रशास्त्रज्ञ होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेत गेल्या, तोवर अशा मोहिमेत एकही स्त्री नव्हती.

कोळ्यांना समुद्र आधीपासून कळत होता, असेही कोणी म्हणेल. कळत होताच, आणि तोही तांडेलाच्या हाताखाली, होडीवर, वावांनी खोली मोजत. ही माझ्या म्हणण्याची पुष्टीच आहे. मोहिमेने त्यात भर घातली ती हजारो मैलांवरच्या दोन माणसांचे माप जुळावे याची.

अधिक गंभीर आक्षेप आजचा आहे. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास चार हजार स्वयंचलित तरंगक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपर्यंतचे तापमान आणि क्षारता उपग्रहाकडे पाठवतात. मग तरुणांना उलट्या करायला समुद्रात का धाडावे? उत्तर दोन गोष्टींत आहे. तरंगकाचा क्षारतामापक काळानुसार घसरतो आणि त्याची चूक उमगते ती जहाजावरून घेतलेल्या अचूक मोजमापांशी ताडूनच. दुसरे, हे तरंगक खोल समुद्रासाठी आहेत, उथळ किनारपट्टीसाठी नव्हेत. दर पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकते, काही वेळा तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मासळीशी थेट संबंध असलेली ही घडामोड तपशिलाने कळली ती गोव्याच्या संस्थेने कांदोळीच्या समोर, तीस मीटरांहून कमी खोलीच्या एका ठरलेल्या जागी १९९७ पासून चालवलेल्या नोंदींतून. तिथे आजही कोणाला तरी बोटीने जावे लागते, तळाजवळचे पाणी वर काढावे लागते आणि हवा लागण्याआधी बाटलीत रसायने घालावी लागतात.