पाँपेईच्या हस्तिदंती बाईचं माहेर

चीनच्या रेशीममार्गावरची जुनी शहरं बघायला हौशी माणसं पार दुनहुआंगपर्यंत जातात. त्याच व्यापाराशी जोडलेलं एक थोर शहर मोडनिंबकरांच्या हाताशी आहे. कुर्डुवाडी, बार्शी, येडशी असं पुढं गेलं की तेर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे मोठं ‘तगर’ सांगितलंय, ते हेच, असं अभ्यासक फ्लीटनं 1901मध्ये मांडलं. त्याआधी कुणी देवगिरीचं नाव घेत होतं, कुणी जुन्नरचं. तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, हा आक्षेप रास्तच. पण दिशा ऐकीव असते, दिवस बैलांनी मोजलेले असतात. पैठण ते तेर हे अंतर लादलेल्या गाड्यांच्या दहा मुक्कामांत चोख बसतं. देवगिरी तर पैठणहून दोन-तीन मुक्कामांवर, तीही उत्तरेला.

माझा खरा जीव मात्र एका हस्तिदंती बाईत अडकलाय. 1938मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेखालून वीतभर उंचीची एक भारतीय मूर्ती निघाली. अंगावर वस्त्र जवळपास नाही, पण हातभर बांगड्या, पायांत जड वाळे आणि दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. डोक्यावरून आत खोल भोक पाडलेलं आहे. व्हेसुव्हिअसचा उद्रेक इ.स. 79चा, म्हणजे मूर्ती त्याआधीची, यात वाद नाही. कुणी तिला लक्ष्मी म्हटलं. पण कमळ नाही, हत्ती नाहीत, तेव्हा ती देवी नसून यक्षी किंवा शृंगारात रमलेली स्त्री असावी. ते भोक चौरंगाच्या खुराचं, असं काही जण म्हणतात. मला ते आरशाच्या मुठीचंच वाटतं. दासी शृंगाराच्या असतील, तर त्यांच्यावर आरसाच शोभतो.

ही बाई आली कुठून? सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपल्या कामाची नोंद कोरून ठेवलीय, म्हणून काहींचा कौल विदिशेला. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला हस्तिदंती कामाचा साठा सापडला आणि पाँपेईच्या मूर्तीवर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून काहींचा वायव्येला. हा खरोष्ठीचा पुरावा सगळ्यांत भारी समजला जातो, आणि नेमका तोच मला पोकळ वाटतो. भडोच ते नाशिक-जुन्नर पट्ट्यावर राज्य करणाऱ्या नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिप्या आहेत. माल जिथून परदेशी निघे, त्या भडोच बंदराच्या वखारीत खरोष्ठी लिहिणारा माणूस मिळणं अवघड नव्हतं. अक्षर खूण करणाऱ्याचं, कारागिराचं नव्हे. कारागिराचा माग हवा तर तेरची हस्तिदंती स्त्री आणि भोकरदनच्या उत्खननात निघालेला तुकडा पाहा. भोकरदनच्या तुकड्यातही मुख्य स्त्रीच्या पायांशी तशाच दासी आहेत. इतकं जवळचं साम्य दख्खनमध्ये दोन ठिकाणी भेटतं, तेव्हा माहेर इथलंच म्हणायला हरकत नसावी. तेरची मूर्तीही बाहेरून आलेली असेल, असं कुणी म्हणेल. मग भोकरदनचीही बाहेरूनच आली म्हणावं लागेल, आणि पैठणच्या दोन्ही अंगांना तीच हौस का, हेही सांगावं लागेल.

आता चीनचा धागा. चीनचं रेशीम बाल्खवरून भडोचला उतरे, हे पेरिप्लसच सांगतो, आणि भडोचहून निघणाऱ्या मालाच्या त्याच्या यादीत हस्तिदंत आणि रेशमी कापड दोन्ही आहेत. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल याच बंदराकडे बैलगाड्यांनी जात होती. बेग्रामच्या खोल्यांत तर भारतीय हस्तिदंत, रोमन काच आणि चिनी लाखकाम एकत्रच मिळालं. म्हणून तेरला जाणाऱ्यानं त्रिविक्रमाचं विटांचं, मागून गोलसर देऊळ पाहावं, उत्तरेश्वराला जावं, गोरोबाकाकांच्या पाया पडावं. पण आधी तिथलं लामतुरे वस्तुसंग्रहालय उघडं आहे का याची चौकशी करावी आणि हस्तिदंती मूर्ती कुठं ठेवलीय ते विचारावं.