बार्बेक्यू, घरगुती

बार्बेक्यू, घरगुती : निखाऱ्यांवर किंवा गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून, बहुधा झाकणाखाली, मांस, मासे, भाज्या, पनीर भाजण्याचे उघड्यावर वापरायचे साधन. त्यावरच्या स्वयंपाकाला आणि त्या निमित्ताने जमणाऱ्या मंडळींच्या बैठकीलाही हाच शब्द लावतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. लाकडी मेढींवर उभारलेल्या माचीला ते ‘बार्बाकोआ’ म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मंद आचेवर, धुरात तासन्‌तास शिजवलेले मांस म्हणजेच बार्बेक्यू. जाळीवर झटपट भाजणे हे तिथे निराळे काम समजतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात हा भेद सहसा कोणी पाळत नाही, आपल्याकडेही नाही. कणसाच्या गाडीवरची शेगडी आणि तो हातपंखा ज्याने पाहिला आहे, त्याला यातले अर्धे तत्त्व आधीच ठाऊक असते. उरलेले अर्धे झाकणात आहे.

झाकणाचे हे महत्त्व घराघरांत पोचवले ते ‘केटल’ने. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन काम करी. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये बनत. अंगणातल्या विटांच्या उघड्या चुलीवर वारा सुटला की राख अन्नावर येई आणि पावसाने सगळाच विचका होई. त्याला वैतागून 1952 मध्ये त्याने बोयाचा अर्धगोल घेतला, त्याला पाय जोडले आणि वर तसेच घुमटाकार झाकण बसवले. पहिल्याच प्रयोगात विस्तव गुदमरून विझला, आणि कोणी तरी भोके पाडायला सुचवले तेव्हा तो पेटता राहिला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, यंत्राचे मर्म तिच्यात आहे. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या झडपेतून धूर बाहेर जातो. खालची झडप जितकी उघडी, तितकी आच मोठी. झाकणाच्या घुमटाला आपटून उष्णता वरूनही उतरते, त्यामुळे जाड तुकडा आतपर्यंत शिजतो. गळणारी चरबी भडकायला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ज्वाळा उठत नाहीत. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून आत डोकावणारा माणूस नेमकी हीच सोय मोडतो.

निवड : दुकानात आकार आणि चकाकी भुलवतात. खरा प्रश्न मात्र हा की साधन उभे कुठे राहणार आणि पावसाळ्यात जाणार कुठे. मोकळे अंगण, गच्ची किंवा शेतघर असेल तर कोळशाच्या केटलला तोड नाही. चौघांच्या घराला 47 सेंटिमीटर व्यासाची पुरते, पाहुण्यांची वर्दळ असेल तर 57 सेंटिमीटरची घ्यावी. झाकण नसलेली पत्र्याची घडीची पेटी स्वस्त असते. तिच्यावर कबाब, कणीस, वांगे ठीक होते, अख्खी कोंबडी होत नाही. जपानी ‘हिबाची’ या नावाने विकली जाणारी छोटी शेगडी या दुसऱ्या गटातलीच. गंमत अशी की जपानात हिबाची ही ऊब घेण्याची शेगडी असून भाजण्याच्या शेगडीला ‘शिचिरिन’ म्हणतात. मातीच्या जाड भिंतींची, अंड्याच्या आकाराची ‘कामादो’ भट्टी उष्णता उत्तम धरते, पण ती जड आणि महाग असते. एकदा ठेवली की हलवायची नाही, अशी जागा असणाऱ्यानेच तिचा विचार करावा.

गॅसचा बार्बेक्यू दहा मिनिटांत तापतो आणि आच बोटावर फिरते. धुराचा वास मात्र नावापुरताच येतो. परदेशातून परतणारी मराठी कुटुंबे सामानाबरोबर ग्रिलही आणतात. अमेरिकेतल्या ग्रिलचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बसत नाही, आणि बर्नरची नोझलही तिथल्या गॅससाठी व दाबासाठी बेतलेली असते. जोड घरीच जुळवण्याचा खटाटोप करू नये, अधिकृत मेकॅनिककडून बदल करून घ्यावा. नळी बसवल्यावर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की खोलगट जागी साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नये.

सोसायटीतल्या बाल्कनीसाठी विजेचा ग्रिल हा एकच पर्याय शहाणपणाचा वाटतो. 2000 वॅटचा ग्रिल 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावू नये, गीझरसाठी असते तसले सॉकेट हवे. बाल्कनीत कोळसा पेटवला की वरच्या मजल्यावरची वाळत घातलेली धुणी वासाने भरतात, हे कारणही काही कमी नाही. पण मुख्य कारण कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. राखेखाली धुमसणारा कोळसाही तो सोडत राहतो. काचा लावून बंद केलेली बाल्कनी, तंबू, गॅरेज, पाऊस आला म्हणून दारातून आत ओढलेली शेगडी, यांतून माणसे झोपेतच दगावली आहेत.

धातूबद्दल दोन गोष्टी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी अन्नाखाली नको. निखाऱ्यांवर तापून जस्ताचा धूर निघू शकतो. ‘स्टेनलेस’ म्हणताच विश्वास टाकू नये. खिशात चुंबक घेऊन जाणारे चाणाक्ष ग्राहक असतात, पण चुंबक चिकटला नाही म्हणजे पोलाद 304 प्रतीचे आहे असे सिद्ध होत नाही. हलक्या 202 लाही तो सहसा चिकटत नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत डोळ्यांना दिसतो. बिडाची जाळी उत्तम भाजते, पण बिडाच्या तव्याइतकीच निगा मागते.

इंधन : लाकडी कोळसाच वापरावा, दगडी कोळसा वर्ज्य. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा कोळसा कडक तापतो, थोड्या ठिणग्या उडवतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या सावकाश, एकसारख्या जळतात. कोळशाची भुकटी पिष्टाने बांधून वड्या करण्याचा उद्योग अमेरिकेत मोठा झाला तो हेन्री फोर्डमुळे: 1920 च्या दशकात मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाचा जो कचरा उरे, त्याचा कोळसा करून तो विकू लागला. पेटवायला रॉकेल ओतले तर जेवणालाही रॉकेलचा वास लागतो. पेट्रोलचे तर नावच नको. पत्र्याचे उभे, भोकाभोकांचे नळकांडे घेऊन खाली कागद, वर कोळसा भरला की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते. तोवर जाळीवर काही ठेवायचे नाही. मग निखारे एका बाजूला रचावेत, दुसरी बाजू मोकळी ठेवावी. पेटत्या बाजूला पृष्ठभाग खरपूस करून तुकडा मोकळ्या बाजूला सरकवला की आत कच्चे, बाहेर करपलेले हा नवशिक्यांचा हमखास अपघात टळतो. कोंबडीचा गाभा 74 अंश सेल्सियसला पोचायला हवा. झाकणावरची तबकडी हवेचे तापमान सांगते, मांसाचे सांगत नाही. त्यासाठी सळईसारखा टोकदार तापमापक लागतो. बांगडा जाळीला चिकटतो म्हणून तेल माशालाच चोळावे आणि दोन पदरी जाळीत धरून भाजावा.

निगा : स्वयंपाक आटोपला की दोन्ही झडपा बंद कराव्यात. विस्तव आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. पाणी ओतून विझवू नये. वाफेने हात भाजतो आणि एनॅमल तडकते. राख वरून थंड दिसली तरी तिच्यात विस्तव दिवसभर, कधी दोन दिवसही जिवंत राहतो, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढावी, कचऱ्याच्या पिशवीत कदापि टाकू नये. पण काढावी हे नक्की. राख हवेतला ओलावा शोषते, आणि ओल्या राखेचा क्षार तळाचा पत्रा खातो. बहुतेक केटली भाजण्याने मरत नाहीत, आत राहिलेल्या राखेने मरतात.

जाळी गरम असतानाच खरवडावी. तारेच्या ब्रशाने घासल्यास सुटलेली बारीक तार अन्नातून पोटात जाऊ शकते. अशा इजांबद्दल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2012 मध्ये इशारा दिला होता. चिमट्यात धरलेला चुरगळलेला फॉइलचा गोळा किंवा अर्धा कांदा तेच काम करतो. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटू लागले की ‘रंग उडाला’ म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. तो रंग नसून वाळलेली चरबी आणि काजळी असते, कापडाने पुसली की जाते. गॅसच्या ग्रिलखालची चरबीची तबकडी दर दोन-तीन वेळांनी रिकामी करावी, कारण आगीचे कारण बहुधा तीच ठरते. चरबी पेटलीच तर गॅस बंद करून झाकण लावावे, पाणी मारू नये. महिनोन्‌महिने न वापरलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतात, कुंभारीण माश्या मातीची घरे बांधतात. ज्योत निळी सोडून पिवळी, आळशी झाली की नळी साफ करायची वेळ झाली समजावे.

जूनआधी सगळे कोरडे करून, जाळीला तेलाचा हात देऊन, साधन छपराखाली विटांवर ठेवावे. प्लॅस्टिकचे आवरण पाऊस अडवते तसा आतला दमटपणाही अडवते. उघडीप मिळाली की ते काढून वारा लागू द्यावा. कोळसा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावा, सादळलेला कोळसा नुसता धुरकटतो. सर्वांत आधी झिजते ती जाळी. म्हणून खरेदीच्या वेळीच त्या मापाची जाळी सुटी मिळते का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.